दोघंच, दोन दिवस : चाळीसगावला उतरायचं ते कशासाठी?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायचा कंटाळा येतो, किंवा ज्यांच्याकडे ऐकताना लिहून घ्यायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना जे इकडचं तिकडे गेलं ते थोडं सरळ केलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

पुण्याच्या एका श्रोत्या ताईंचा प्रश्न आला होता. दोघंही नोकरीला, लग्नाला तीन वर्षं झालेली, सुट्टी फक्त शनिवार-रविवार. त्यांचा दीर अमेरिकेत असतो, तो आणि जाऊबाई मध्यंतरी दोन दिवस न्यू ऑर्लीन्सला जाऊन आले. फोटो आले, व्हिडिओ आले. ताईंनी विचारलं, "आपल्याकडे असं कुठे जाता येईल? लोणावळा आणि महाबळेश्वर सोडून सांगा."

आधी न्यू ऑर्लीन्सचं बोलू. तिथे जोडपी का जातात? समुद्र नाही, डोंगर नाही. पण शहराचा जुना भाग चालत फिरता येतो. फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवलेलं गाव, तेच जुने चौक, तेच लोखंडी नक्षीचे सज्जे. रस्त्यावर बँड वाजतो. सेंट चार्ल्स रस्त्यावरची ट्राम १८३५ पासून धावतेय. खायला तिखट, मसालेदार, तिथलंच. म्हणजे बघा, दोन दिवसांत पाहून होईल एवढंच गाव, हातात यादी नाही, आणि दोघांना बोलायला काहीतरी मिळत राहतं. सहलीचं गणित एवढंच असतं.

आता चाळीसगावात रस्त्यावर बँड वाजतो तो लग्नाच्या वरातीत आणि गणपतीत, हे मी आधीच सांगून टाकते. ट्राम नाही. पण ते गणित इथे जुळतं, आणि लोणावळ्यात ते हल्ली जुळत नाही, कारण तिथे निम्मी सुट्टी गाडीत बसून जाते.

यायचं कसं? रेल्वेने. मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावर, मुंबईपासून साधारण सव्वातीनशे किलोमीटर. रात्री बसा, पहाटे नाहीतर मध्यरात्री उतरा. पुण्याकडून महाराष्ट्र एक्सप्रेस इथे थांबते. इथूनच धुळ्याचा फाटा निघतो, तो १९०० सालापासून आहे. म्हणून स्टेशन गावाच्या मानाने मोठं आणि रात्रभर जागं असतं. चहा कधीही मिळतो. गाड्यांच्या वेळा मी सांगत नाही, त्या बदलतात, तुम्हीच बघून घ्या.

कधी यायचं, यावर मात्र मी ठाम आहे. एप्रिल-मे मध्ये येऊ नका. पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरला डोंगर हिरवा, धबधबे वाहते, पण त्याची दुसरी बाजू पुढे सांगते. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर ते जानेवारी. थंडी असते, आणि भरताची वांगी असतात.

शनिवार सकाळ. स्टेशनपासून जवळच एक बंगला आहे. नाव 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'. चाळीसगावात रेम्ब्रांट कुठून आला? तर तो आणला केकी मूस यांनी. कैखुश्रू माणेकजी मूस, पारशी कुटुंब, जन्म मुंबईचा, २ ऑक्टोबर १९१२. इंग्लंडला जाऊन कमर्शियल आर्ट शिकले, जग फिरले, आणि परत आले ते आईवडिलांच्या या गावी. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं ते या घरातून बाहेर पडले नाहीत म्हटलं तरी चालेल. बोटावर मोजण्याइतके अपवाद. ३१ डिसेंबर १९८९ ला इथेच गेले.

गावात कुणालाही विचारा, पहिली गोष्ट सांगतील ती पंजाब मेलची. मुंबईत त्यांची मैत्रीण होती, निघताना व्ही.टी. स्टेशनवर तिने वचन दिलं, एक दिवस मी पंजाब मेलने येईन आणि तुझ्याबरोबर जेवेन. तेव्हापासून रोज रात्री ती गाडी यायच्या वेळेला घराचे दिवे लागायचे, दारं उघडी राहायची, ताजी फुलं ठेवलेली असायची, दोघांचं ताट तयार. गाडी निघून गेली की मग झोप. अशी गोष्ट. गंमत म्हणजे पंजाब मेलही १९१२ चीच, जूनमध्ये सुरू झालेली. त्या वर्षी जन्मलेला माणूस त्या वर्षी सुरू झालेल्या गाडीची वाट बघत राहिला.

ही गोष्ट सांगोवांगी चालत आलेली आहे, आणि प्रत्येक सांगणाऱ्यागणिक तिला एखादं फूल जास्त लागतं. जोडप्यांना ती फार आवडते. मला मात्र तिचा थोडा राग येतो, सांगू का? लोक येतात, दाराजवळ उभं राहून "हेच का ते दार" म्हणून फोटो काढतात, डोळे ओले करतात आणि आत भिंतीवर काय लावलंय ते न बघता निघून जातात. पन्नास वर्षं माणूस नुसती वाट बघत नव्हता हो. काम करत होता.

काय काम? 'टेबल टॉप' छायाचित्रण. हे नीट समजावून सांगते, कारण हे कळलं की तो बंगला दुप्पट मोठा होतो.

समजा तुम्हाला बर्फाच्या डोंगरातली एकटी झोपडी दाखवायची आहे. तुम्ही काश्मीरला जाल. घराबाहेर न पडणारा माणूस काय करेल? तो टेबलावर डोंगर तयार करेल. घरातल्याच वस्तू घ्यायच्या, काडी, कापूस, कागद, पीठ, काच, माती, अशा कुठल्याही. काडीचं झाड होतं, पिठाचा बर्फ होतो. मग दिवा असा लावायचा की सावली लांब पडेल, कारण लांब सावली पडली की डोळ्याला वाटतं उन्हं कलली आहेत आणि जागा मोठी आहे. कॅमेरा खाली, टेबलाच्या पातळीवर आणायचा. वरून काढला तर ते खेळणं दिसतं, खालून काढला तर तो देखावा होतो. आणि पुढची वस्तू आणि मागची वस्तू दोन्ही स्पष्ट दिसायला हव्यात, कारण मागचं धूसर झालं की मेंदूला लगेच कळतं, हे सगळं वीतभर अंतरातलं आहे. त्यासाठी भिंगाचं छिद्र अगदी बारीक करायचं, मग उजेड कमी येतो, मग फिल्म जास्त वेळ उघडी ठेवायची, मग तोपर्यंत काहीही हलता कामा नये. फुंकरसुद्धा नाही. एका चित्रामागे किती संध्याकाळी गेल्या असतील विचार करा. संगणक नाही, मोबाईल नाही.

या कामाला देशोदेशींच्या प्रदर्शनांत शेकडो बक्षिसं मिळाली. 'चाळीसगावची चेटकीण' नावाच्या छायाचित्रामुळे आपल्या गावाचं नाव कुठल्या कुठे पोचलं. शिवाय चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्या, संगीत, असं बरंच. आता ते घर संग्रहालय म्हणून त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान सांभाळतं.

दोघांनी करायचा एक खेळ सांगते. एका छायाचित्रासमोर उभं राहायचं आणि कशापासून काय केलंय ते ओळखायचं. आमचे हे आणि मी पाऊण तास एका फोटोसमोर होतो. मी म्हटलं ते तांदूळ आहेत, हे म्हणाले मीठ.

(इथे हे मागून बोलले, रेकॉर्डिंगमध्ये अस्पष्ट आहे : "मीठच आहे ते." असो.)

जायच्या आधी चौकशी करून जा, कारण मोठ्या सरकारी संग्रहालयासारखं हे दिवसभर तिकीट खिडकी उघडी असलेलं ठिकाण नाही. आणि वहीत अभिप्राय लिहा, जमेल तेवढी देणगी द्या. जुने कागद, जुन्या फिल्मी खानदेशच्या उन्हाळ्यात टिकवणं हे खर्चाचं काम आहे, आणि लोक येत राहिले तरच ते होतं.

दुपारी झोपा. खरंच. इथली दुपार झोपेसाठीच असते.

संध्याकाळी जेवण. ताईंच्या जाऊबाईंनी तिकडे गंबो खाल्लं म्हणे. आपल्याकडे शेवभाजी आहे. शेवभाजीत चुकायची जागा एकच. शेव आधी टाकली की लगदा होतो. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट भाजून वाटलेला मसाला, त्याचा तर्रीदार रस्सा, आणि जाड तिखट शेव ताटात वाढतानाच टाकायची. हॉटेलात बसल्यावर शेव वेगळी आणून दिली तर समजायचं, बरोबर जागी आलोय.

थंडीत आलात तर भरीत. मोठी हिरवी वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. गॅसवर भाजलेल्याला तो वास येत नाही, कितीही काही करा. मग लाकडी भांड्यात ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. बरोबर पुरी, किंवा कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. शेतात भरताची पार्टी असेल आणि कुणी ओळखीचं बोलावत असेल तर हॉटेल सोडा आणि तिकडे जा.

आता जरा वेगळा विषय. ताईंनी प्रश्नाच्या शेवटी एक ओळ लिहिली होती, "छोट्या गावात दोघंच गेलो तर लोक विचित्र बघतात का?"

बघतात. खोटं कशाला बोलू. माझी आई आणि बाबा, त्रेचाळीस वर्षांचा संसार, दोघंच असे बाहेरगावी गेले ते एकदा, धुळ्याच्या दवाखान्यात, बाबांच्या ऑपरेशनला. आईला मी एकदा विचारलं, तुला कधी वाटलं नाही का, यांच्याबरोबर कुठे जावं? ती म्हणाली, "वाटून काय करायचं होतं, घर कुणी बघितलं असतं?" त्यात तक्रार नव्हती. पण उत्तर द्यायला तिला जरा वेळ लागला.

आम्ही दोघं पहिल्यांदा निघालो तेव्हा ओट्यावर बसलेल्या सासूबाईंनी विचारलं होतं, "कथा चालनात दोन्हीजण?" आणि दुसरा प्रश्न अर्थातच लेकरं कुणाकडे. फिरायला चाललो असं म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. हे पटकन म्हणाले, "पाटणादेवीले." सासूबाई गप्प. उलट ओटीचं सामान काढून दिलं, खण, नारळ, आणि वर म्हणाल्या, माझाही नमस्कार सांगा.

इथली पद्धत लक्षात घ्या. खानदेशात नवरा-बायको फिरायला जात नाहीत, देवीला जातात. पाटणादेवी कितीतरी घरांची कुलदेवी आहे, त्यामुळे नव्या जोडप्याने तिथे जाणं हे कर्तव्यात बसतं. जंगल, ओढा, दिवसभराचा निवांतपणा हे सगळं त्या कर्तव्याच्या पोटात गुपचूप मिळतं. आधीच्या पिढ्यांनी ही वाट शोधून ठेवलीय असं मला वाटतं. त्यांनी ती बोलून दाखवली नाही इतकंच. लॉजवर दोघांचीही ओळखपत्रं मागतात, ती जवळ ठेवा. आणि "फिरायला आलोय" ऐवजी "देवीला आलोय" म्हटलंत तर सकाळी चहा लवकर येतो, हा अनुभव आहे.

तर रविवार, पाटणादेवी. गावापासून अठरा-एक किलोमीटर, सातमाळ्याच्या डोंगराच्या कुशीत. हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये घोषित झालेलं, साधारण २६० चौरस किलोमीटर, थोडं जळगाव जिल्ह्यात आणि थोडं डोंगरापलीकडे कन्नडच्या बाजूला. सकाळी लवकर निघा. एस.टी.वर अवलंबून राहू नका, जाऊन-येऊन रिक्षा किंवा गाडी ठरवा आणि थांबायचे तास आधीच बोलून घ्या.

देवीचं दर्शन घ्या, ओटी भरा. मग लगेच परत फिरू नका. जवळच महादेवाचं दगडी मंदिर आहे, जुनं, यादवकाळातलं. ज्याला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो तसं, पण हे हेमाद्री पंडिताच्याही आधीचं. इथे तेव्हा यादवांचे मांडलिक निकुंभ राज्य करत होते. शके १०७५, म्हणजे इ.स. ११५३ च्या शिलालेखात हकिगत आहे. इंद्रराज नावाच्या राजाने शंकराचं देऊळ बांधायला घेतलं आणि ते पुरं व्हायच्या आत तो गेला. मुलगा गोवन लहान होता. राणी श्रीदेवीने मुलाच्या वतीने राज्य चालवलं आणि देऊळ पूर्ण करून घेतलं. मला पंजाब मेलच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट जास्त आवडते. गावात ती कुणी सांगत नाही.

दुसरा शिलालेख जगप्रसिद्ध आहे. १२०७ सालचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे मांडला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि त्यांच्या घराण्याचे इतर ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि निकुंभ राजे सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्याला देणग्या दिल्या. बहुतेक लेख संस्कृतात, पण शेवटी मठाला कशाकशावर किती वाटा द्यायचा ते सांगणारा भाग जुन्या मराठीत. का? कारण श्लोक पंडितांसाठी, आणि पैशाची गोष्ट सगळ्यांना कळली पाहिजे.

'भास्कराचार्य इथलेच' असं तुम्हाला फलकांवर वाचायला मिळेल. ते स्वतः गावाचं नाव विज्जलविड सांगतात आणि ते सह्याद्रीच्या जवळ होतं म्हणतात. ते नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहे, कुणी पाटण म्हणतं, कुणी विजापूर, कुणी बीड. मठ मात्र इथे होता, ते दगडावर आहे. आठशे वर्षांपूर्वी या जंगलात बसून मुलं गणित सोडवत होती, एवढं मला पुरे.

आणि लीलावती! ती भास्कराचार्यांची मुलगी, लग्नाचा मुहूर्त बघायला घटिकापात्र ठेवलेलं, तिच्या अलंकारातला मोती त्यात पडून छिद्र बुजलं, मुहूर्त टळला, म्हणून बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ती येते कुठून? अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती'चं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेतून. म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. मूळ ग्रंथात उदाहरणं घालताना भास्कराचार्य 'बाले' म्हणतात तसंच 'कान्ते'ही म्हणतात. म्हणून काहीजण म्हणतात ती मुलगी नव्हे, बायको. घरी परतताना गाडीत भांडायला चांगला विषय आहे.

आता डोंगर. पाटणादेवीहून केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे, कन्हेरगडावर नागार्जुन लेणी आणि सीतेची न्हाणी. पावसाळ्यात कुंडात उतरू नका. दगडावर शेवाळ असतं आणि वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी वाढतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला इथे ढगफुटीसारखा पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी चाळीसगावात शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. ते गावाने पाहिलंय. म्हणून इथला कुणी म्हातारा "आज वर जाऊ नका" म्हणाला तर वाद घालू नका, मंदिराच्या ओट्यावर बसा. बिबट्याही आहे, अंधार पडायच्या आत खाली या.

उरलं पितळखोरं. ही लेणी अजिंठ्याच्या अगदी जुन्या लेण्यांच्या काळातली, इसवी सनाच्या आधीची. खडक कच्चा निघाला, म्हणून बरीचशी ढासळली, आणि म्हणूनच गर्दी नाही. पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तर-सुगंधी वस्तूंच्या व्यापाऱ्याने, राजवैद्य मगिलाने आणि त्याच्या मुलीने इथे दान दिल्याचं कोरलेलं आहे. इथला हसरा, ढेरपोट्या यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर करणाऱ्याचं नाव आहे, कान्हदास, सोनार. सोनाराने दगड घडवला!

पण माझा सल्ला ऐका, पाटणादेवी आणि पितळखोरं एकाच रविवारी करू नका. पाटण्याहून डोंगर चढून जायचं तर दिवस जातो, वाटाड्या लागतो. गाडीने जायचं तर कन्नड घाट चढून पलीकडून यावं लागतं आणि शेवटी बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात. घाटाचं कागदावरचं नाव औट्रम घाट, खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमवरून. तिथे ट्रक अडकले की तास-दोन तास जायचे. ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने अवजड वाहनांना बंदी आली, तरी पावसात भरवसा नाही. दोघांपैकी एकाला लेण्यांचं वेड असेल तर पाटणादेवी सोडा आणि पितळखोरं करा. दोघांनाही नसेल तर ओढ्याकाठी बसा. डबा घेऊन जा, प्लास्टिक परत आणा, माकडांना काही देऊ नका.

(हे म्हणतायत, सासूबाईंना सांगितलेलं कारण बदलता येणार नाही, त्यामुळे पाटणादेवीच करावी.)

परतीची गाडी रात्रीची घ्या. दुपारची घेतलीत तर जंगलात सारखं घड्याळ बघाल. रात्रीची असेल तर स्टेशनवर थोडं आधी पोचा, चहा घ्या, आणि फलाटावर पंजाब मेलची घोषणा झाली तर आजूबाजूला बघा. गावातले जुने लोक ती ऐकून एकमेकांकडे बघून हसतात.

प्रश्न पाठवणाऱ्या ताई, जाऊन आलात की कळवा, तांदूळ की मीठ तेही सांगा. पुढच्या भागात कळण्याच्या पिठाचं प्रमाण घेऊन सासूबाई स्वतः माइकवर येणार आहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.